भूक वाढली, वजन उतरलं आणि घरचे म्हणतात नजर लागली

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. वय ३१, चार वर्षांची एक मुलगी आहे. यंदा आखाजीला माहेरी गेले तर आई दारातच म्हणाली, "तुले काय व्हयनं वं माय, इतली कशी वाळी गयी?" खरं तर मी आधीपेक्षा जास्त जेवते. तरी होळीपासून आठ-नऊ किलो उतरले. छातीत धडधड होते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हात थरथरतात, दिवसातून तीन-चारदा संडासला जावं लागतं. घाम तर विचारू नका. उन्हाळा आहे म्हणून होत असेल, असं सगळेच म्हणाले. मग मानेला समोरून फुगवटा दिसायला लागला, डोळेही मोठे दिसायला लागले. सासूबाई म्हणतात नजर लागली. मालक म्हणतात, तू फार चिडखोर झालीस. जाऊबाईंना थायरॉइड आहे, त्यांनी त्यांची गोळी दिली. ती आठवडाभर घेतली तर धडधड आणखी वाढली. शेवटी तालुक्याला रक्त तपासलं. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, टी-४ बरंच जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, ग्रेव्हजचा आजार आहे, आपलंच शरीर थायरॉइडच्या मागे लागतं. कार्बिमाझोल आणि धडधडीची एक गोळी दिली, दीड वर्ष औषध चालेल म्हणाले. दहा दिवस झाले, थरथर थोडी कमी आहे, बाकी काही फरक नाही. माझं काय चुकलं? डोळे असेच राहतील का? आणि आम्हाला दुसरं बाळ हवं होतं, ते आता होईल का?

उत्तर

ताई,

जाऊबाईंची गोळी पुन्हा तोंडात घालू नका, हे आधी सांगते. त्यांनी मायेनंच दिली असणार. पण त्यांच्या गळ्यातली ग्रंथी हार्मोन कमी बनवते, म्हणून तो हार्मोन त्यांना रोज सकाळी गोळीतून घ्यावा लागतो. तुमच्या अंगात तोच हार्मोन गरजेपेक्षा कितीतरी जास्त झालाय. त्यात तुम्ही आणखी भर घातली, म्हणून धडधड वाढली. आपल्याकडे थायरॉइड म्हटलं की वजन वाढणं, अंग सुजणं, सुस्ती एवढंच डोळ्यांसमोर येतं, कारण तसे रुग्ण जास्त दिसतात. तुमचा आजार त्याच्या नेमका उलटा आहे. एकाची गोळी दुसऱ्याला देण्याची आपल्या घराघरांतली सवय मला फार खटकते, आणि थायरॉइडच्या बाबतीत ती जिवावरही बेतू शकते.

आता तुमचा पहिला प्रश्न: माझं काय चुकलं? काहीही नाही. काही खाल्ल्यानं, उपास केल्यानं, मुलीला उशिरापर्यंत अंगावर पाजल्यानं हा आजार होत नाही. तो कसा होतो ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं, गोळ्या इतके दिवस का आणि डोळ्यांचं काय, हे त्यावरच अवलंबून आहे.

थायरॉइड ही गळ्यात, श्वासनलिकेच्या पुढच्या बाजूला असलेली छोटी ग्रंथी. ती टी-४ आणि टी-३ नावाचे हार्मोन बनवते. शरीराचं सगळं काम किती वेगानं चालायचं, म्हणजे हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली उष्णता, खाल्लेल्या अन्नाचा खर्च, हे त्या हार्मोनवर ठरतं. पण ग्रंथी आपल्या मर्जीनं काम करत नाही. मेंदूच्या तळाशी पिच्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे, ती टीएसएच हा हार्मोन सोडून थायरॉइडला हुकूम देते.

तुमच्या घरी शेती असेल असं धरून विहिरीवरच्या मोटरीवरून सांगते. मालक स्टार्टरचं बटण दाबतो, मोटर चालते, हौद भरला की तो मोटर बंद करतो. पिच्युटरी म्हणजे तो मालक आणि टीएसएच म्हणजे त्याचं बोट. ग्रेव्हजच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती एक चुकीचं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, तयार करते. थायरॉइडच्या पेशींवर टीएसएचला बसायची जी जागा असते, नेमकी त्याच जागेवर ही अँटिबॉडी जाऊन बसते. बटणात काडी खोचून ठेवावी तसं होतं. हौद भरून वाहतोय, मालकानं बोट केव्हाच काढून घेतलंय, तरी मोटर थांबत नाही. तुमचा टीएसएच ०.०१ च्या खाली आला याचा अर्थ हाच. पुष्कळ लोक तो आकडा पाहून "थायरॉइड कमी आहे" असं समजतात आणि तिथूनच चुकीच्या गोळीची सुरुवात होते. टीएसएच तळाला गेलेला आणि टी-४ वर, असं दिसलं तर थायरॉइड जास्त चालतोय असं बहुतेक वेळा समजायचं.

म्हणजे तुमची थायरॉइड ग्रंथी मुळात बिघडलेली नाही. ती खोटा हुकूम पाळतेय. सतत हुकूम मिळत राहिल्यानं ती वाढते, तोच तुमच्या मानेवरचा फुगवटा.

शरीर अशी अँटिबॉडी का बनवतं? काही भाग घराण्यातून येतो. माहेरी आई, मावशी, आत्या यांच्यात कुणाला थायरॉइडचा कुठलाही आजार, अंगावर कोड, किंवा लहानपणापासून इन्सुलिन लागणारा मधुमेह आहे का, ते विचारून पाहा. यांत बहुधा प्रतिकारशक्तीची चूक समान असते आणि एकाच घरात ती वेगवेगळ्या रूपांत दिसते. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा पाच ते दहापट जास्त होतो. बाळंतपणानंतरचे महिने, एखादा संसर्ग, मोठा मानसिक धक्का, बिडी-सिगारेट यांमुळे आधीपासून असलेली शक्यता जागी होऊ शकते. पण अमुक एका गोष्टीनंच झालं, असं बोट ठेवून सांगता येत नाही.

सासूबाईंनी दृष्ट काढली असेल तर काढू द्या, त्यात त्यांची काळजी आहे. फक्त गोळी चुकता कामा नये.

आणि मालकांना हा भाग वाचून दाखवा. तुमची चिडचिड हा स्वभाव नाही, ते आजाराचं लक्षण आहे. हार्मोन जास्त झाला की माणूस आतून सतत पळत असतो. झोप लागत नाही, लहानसा आवाज सहन होत नाही, डोळ्यांत पाणी येतं, राग आवरत नाही. ज्यांच्या नावानं हा आजार ओळखला जातो त्या डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये अशा स्त्रियांचं वर्णन केलं, तेव्हा त्यातल्या एकीच्या त्रासाला आधी हिस्टेरियाच समजलं गेलं होतं. पुढे १८४० मध्ये जर्मनीतल्या बासेडो यांनीही हाच आजार नोंदवला, म्हणून युरोपात काही ठिकाणी तो त्यांच्या नावानं ओळखतात. पण हा हुकूम पिच्युटरीकडून येत नाही, रक्तातल्या दुसऱ्याच कशातून येतो, हे न्यूझीलंडमधल्या अॅडम्स आणि पर्व्ह्स यांना १९५६ मध्ये दिसलं. तोवर शंभराहून जास्त वर्षं गेली होती. इतक्या बायकांनी इतकी वर्षं "तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे ऐकून घेतलं. तुमच्या घरात तरी आता ते नको. औषधानं हार्मोन खाली आला की चिडचिडही उतरते, हे मालक स्वतः पाहतील.

आपल्याकडे हा आजार उशिरा लक्षात येतो, त्याला ऊनही कारण आहे. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो. घाम, झोपमोड, थकवा, छातीत धडधड, सगळं उन्हाच्या नावावर जमा होतं. हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी म्हणून सांगते. उन्हानं भूक मरते, या आजारात ती वाढते आणि तरी वजन उतरतं. उन्हाचा त्रास पहाटे, गच्चीवर गार वारा सुटल्यावर कमी होतो. या आजारात झोपून उठल्यावर, काही काम न करताही नाडी मिनिटाला ९०-१०० च्या वर लागते. हात पुढे करून बोटं पसरली आणि त्यांवर कागद ठेवला तर तो बारीक थरथरतो. मांड्यांचे स्नायू कमजोर होतात, त्यामुळे चुलीपुढून किंवा निंदणी करताना उकिडवं बसलेलं उठायला हात टेकवावा लागतो. पाळी कमी होते किंवा लांबते. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर पावसाळ्याची वाट न पाहता रक्त तपासा. पुरुषांनाही हा आजार होतो. आपल्या आशिया खंडातल्या पुरुषांमध्ये त्याचं एक वेगळं रूप दिसतं: भरपेट जेवून झोपलेला धडधाकट तरुण पहाटे उठायला जातो आणि पाय उचलत नाहीत. रक्तातलं पोटॅशियम एकदम उतरल्यामुळे तसं होतं. त्याला लगेच दवाखान्यात न्यायचं, आणि थायरॉइड तपासायला डॉक्टरांना आठवण करून द्यायची.

तुमच्या निदानाबद्दल. वाढलेली मान, मोठे दिसणारे डोळे आणि हे रिपोर्ट एकत्र पाहता तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. टीआरएबी नावाची रक्ततपासणी झाली नसेल तर त्यांना विचारा. ती त्या खोचलेल्या काडीचीच, म्हणजे अँटिबॉडीची तपासणी आहे. ती महाग वाटेल, पण पुढे औषध थांबवताना आणि गरोदरपणातही तिचा उपयोग होतो. हार्मोन वाढण्याचं कारण दरवेळी ग्रेव्हजच असतं असं नाही. कधी ग्रंथीला सूज येऊन आत साठलेला हार्मोन नुसता सांडतो, विशेषतः बाळंतपणानंतर. तो त्रास बहुधा आपोआप ओसरतो आणि त्याला कार्बिमाझोलचा उपयोग नसतो. निदानात शंका असेल तेव्हा डॉक्टर थायरॉइडचा स्कॅन सांगतात. त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागेल, पण तुमच्यासारखे डोळे दिसत असतील तर सहसा त्याची गरज पडत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, म्हणून विचारते. केस गळतात म्हणून मेडिकलमधून बायोटिनची गोळी आणली होती का? या आजारात केस गळतातच, आणि पुष्कळ मुली ती घेतात. जास्त मात्रेतलं बायोटिन रक्तात असलं की काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त येतो, अगदी ग्रेव्हजसारखाच रिपोर्ट. तुमची लक्षणं खरी आहेत, तरी पुढच्या तपासणीआधी निदान दोन-तीन दिवस ती बंद ठेवा. आणि जाऊबाईंची गोळी घेत होतात हेही डॉक्टरांना सांगा. त्या दिवसांतच रक्त दिलं असेल तर टी-४चा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. रागावतील म्हणून लपवू नका.

दहा दिवसांत फरक का नाही? कार्बिमाझोल नवा हार्मोन बनणं रोखतं. पण ग्रंथीत आधीच काही आठवड्यांचा साठा असतो आणि रक्तातला टी-४ निम्मा व्हायलाच साधारण आठवडा लागतो. साठा संपेपर्यंत तो बाहेर पडतच राहतो. म्हणून खरा आराम तीन ते सहा आठवड्यांत जाणवतो. थरथर कमी झाली ती धडधडीच्या गोळीमुळे. ती बहुतेक प्रोप्रॅनोलॉल असणार. ती आजार बरा करत नाही, पण हार्मोन उतरेपर्यंत हृदयाला सांभाळते. तुम्हाला दमा असेल तर मात्र ती चालत नाही, डॉक्टरांना तसं आजच कळवा.

पुढे चार-सहा आठवड्यांनी रक्त तपासाल तेव्हा टी-४ जागेवर आलेला आणि टीएसएच अजून तळालाच, असं दिसू शकतं. घाबरू नका. टीएसएचला जागं व्हायला कधी कधी काही महिने लागतात. सुरुवातीला औषधाचा हिशोब टी-४ आणि टी-३ पाहूनच करतात. कार्बिमाझोल उपाशीपोटीच घ्यायला हवी असंही नाही. जाऊबाईंची गोळी पहाटे रिकाम्या पोटी असते म्हणून तुमचीही तशीच, हे कुणी सांगितलं असेल तर सोडून द्या. रोज ठरलेल्या वेळी घ्या, एवढंच.

आता जे सांगते ते घरात सगळ्यांना माहीत असू द्या. कार्बिमाझोलमुळे क्वचित, हजारात दोन-पाच जणांच्या आसपास, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात. पहिल्या तीन महिन्यांत हा धोका जास्त असतो. ताप आला, घसा खूप दुखायला लागला, तोंडात फोड आले, तर ती गोळी तिथंच थांबवायची आणि त्याच दिवशी रक्ताची सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची, तपासणी करायची. पेशी ठीक निघाल्या तर डॉक्टर गोळी पुन्हा सुरू करतील. पण "व्हायरल असेल" म्हणत दोन दिवस घरी काढू नका. डोळे-लघवी पिवळी झाली, अंगाला खूप खाज सुटली, तरी दाखवा, कारण क्वचित यकृतालाही त्रास होतो. आणि औषध अचानक सोडल्यामुळे किंवा मोठ्या आजारपणात हार्मोनचा भडका उडू शकतो: तीव्र ताप, खूप वेगानं पळणारी नाडी, उलट्या-जुलाब, बरळणं. तशा वेळी तालुक्यात थांबायचं नाही, धुळे किंवा जळगावच्या मोठ्या रुग्णालयात तडक न्यायचं.

डोळ्यांचं. तीच प्रतिकारशक्ती डोळ्यांमागच्या चरबीवर आणि स्नायूंवर उठते, तिथं सूज येते आणि डोळा पुढे ढकलला जातो. ग्रेव्हजच्या साधारण चारातल्या एकाला तरी हे होतं, बहुतेकांना सौम्य. तुम्हाला नुसते मोठे दिसत असतील, खुपत असतील, पाणी येत असेल, तर हार्मोन ताब्यात आल्यावर बराच फरक पडतो. पापण्या वर ओढल्यासारख्या दिसतात, तो भाग तरी बहुधा कमी होतो. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री डोळे नीट मिटत नसतील तर डॉक्टरांनी दिलेलं मलम, उशी थोडी उंच, शेतात जाताना गॉगल. एकाची दोन माणसं दिसायला लागली, डोळा आतून दुखायला लागला, रंग फिके वाटू लागले किंवा नजर मंदावली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आणि धूर. बिडी-सिगारेटनं या डोळ्यांचा आजार बळावतो, हे पक्कं आहे. तुम्ही ओढत नसाल, पण घरात कुणी ओढत असेल तर ओट्यावरही नको, घरापासून लांब. यात मी कुणाचीही भीड धरणार नाही.

खाण्याबद्दल तुम्हाला दहा जणी दहा गोष्टी सांगतील. कळण्याची भाकरी, भरीत, डाळ, दूध, अंडं, केळी, सगळं खा. वजन भरून यायला हवं आणि हाडांतलं कॅल्शियम या आजारात झिजतं, म्हणून दूध-दह्याला कंजुषी नको. घरातलं आयोडीनयुक्त मीठ बंद करू नका. तेवढ्या आयोडीननं काही बिघडत नाही आणि तुमच्या मुलीच्या वाढीला ते लागतं. टाळायचे ते थायरॉइडसाठी म्हणून विकले जाणारे समुद्री शेवाळाचे पावडर-कॅप्सूल, त्यांत आयोडीन भरमसाट असतं. पुढेमागे सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध देणार असतील तर आधी आजार सांगा, त्या औषधातही आयोडीन असतं. चहा दिवसातून दोनदाच. कोबी-फ्लॉवर खाऊन हा आजार बरा होत नाही.

दीड वर्षाचं आता. ग्रंथीला शांत ठेवून प्रतिकारशक्ती आपली चूक सोडते का, याची वाट पाहायला हा वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तुम्हाला अगदी चांगलं वाटेल, गाल भरतील, आणि नेमकं तेव्हाच "आता कशाला गोळी" असं कुणीतरी म्हणेल. कापूस वेचणीचा हंगाम असेल, तालुक्याला जायला सवड नसेल. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त लोक इथंच घसरतात. बरं वाटतंय ते गोळीमुळे, अँटिबॉडी अजून रक्तात असते. बारा ते अठरा महिन्यांनी टीआरएबी पुन्हा तपासून, ती उतरली असेल तर औषध थांबवतात. त्यानंतर साधारण निम्म्या लोकांना आजार पुन्हा होत नाही, निम्म्यांना होतो, बहुधा पहिल्या वर्षातच. म्हणून औषध थांबल्यावरही तपासण्या चालू ठेवायच्या.

पुन्हा झालाच तर दोन पक्के उपाय आहेत. एक, आयोडीन-१३१, तोंडावाटे दिलं जाणारं किरणोत्सारी आयोडीन. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये किरणोत्सारी आयोडीन पहिल्यांदा या आजाराच्या रुग्णाला दिलं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अशा औषधोपचारांचं काम करतंय. नावाला लोक घाबरतात, पण उपचार जुना आणि चांगला पारखलेला आहे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला तो देत नाहीत, आणि डोळ्यांचा आजार जोरात असताना टाळतात. दुसरा, ऑपरेशन करून ग्रंथी काढणं, अनुभवी हाताचा सर्जन पाहूनच. दोन्हींनंतर ग्रंथी सहसा पुरेसा हार्मोन बनवत नाही आणि मग जाऊबाईंसारखी रोजची गोळी आयुष्यभर लागते. ती गोळी स्वस्त, सोपी आहे, तिची धास्ती नको. आज मात्र तुम्हाला या दोन्हींची गरज नाही.

दुसरं बाळ होईल. या आजाराच्या कितीतरी बायकांची सुखरूप बाळंतपणं झालेली आहेत. पण आत्ता नको. हार्मोन वाढलेला असताना दिवस राहिले तर गर्भपाताची, कमी दिवसांच्या बाळंतपणाची शक्यता वाढते, आणि कार्बिमाझोलमुळे पहिल्या महिन्यांत बाळात व्यंग राहण्याचा थोडा धोका असतो. म्हणून निदान हार्मोन जागेवर येऊन काही महिने स्थिर राहीपर्यंत गर्भनिरोधक वापरा, आणि हे मालकांनाही पटवून द्या, ही एकट्या तुमची जबाबदारी नाही. ठरवाल तेव्हा आधीच डॉक्टरांना सांगा. ते गर्भधारणेआधी औषध बदलून प्रोपिलथायोयुरासिल देऊ शकतात, किंवा आजार शांत असेल तर औषध थांबवता येतं का ते पाहतात. ही अँटिबॉडी नाळेतून बाळापर्यंत जाऊ शकते, म्हणून गरोदरपणात ती तपासायची आणि आज तुम्ही घेताय त्या उपचारांबद्दल बाळंतपणाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं, आजार तोवर पूर्ण बरा झाला असला तरी. आणि न ठरवता पाळी चुकली तर गोळीबद्दल आपल्या मनानं काहीही ठरवू नका. घरीच लघवीची तपासणी करा, आणि दिवस गेलेले निघाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.